अकरावी माशी

जन्मापासून माझ्याभोवती अकरा मधमाश्या फिरायच्या. दोन अगदी अंगालगत, आठ जरा लांबून, आणि अकरावी सगळ्यांच्या बाहेर, एकटीच. दहाजणी गुणी होत्या. लोकांना दुष्काळात तेरावा महिना असतो, मला ही अकरावी होती. पाणी दिसलं की ती पिसाळायची आणि मी पेटायचो. म्हणून आईनं मला कधी न्हाऊ घातलं नाही. रॉकेलच्या फडक्यानं पुसून पुसूनच मोठं केलं.

आई गेली. अस्थींचं मडकं पिंपळाला टांगलं, आणि मी एकुलता एक. खाडीत उतरणार कोण? वाऱ्यानं मडकं हललं की मी उठून त्याची दोरी घट्ट करून यायचो.

शेवटी लोचनामावशीकडे गेलो. ती खाडीकाठी एकटी राहायची. तिच्याभोवती सतरा माश्या. बाहेरच्या फेरीत सातच, आठवीची जागा रिकामी. त्या जागेतून असा तिखट वारा सुटायचा की शेजारीपाजारी खोकून खोकून घरं सोडून गेले होते.

"मावशी, माझ्याकडे एक माशी जास्तीची आहे. घेतेस?"

"इतके दिवस काय झोपला होतास? आण इकडे."

अकरावी उडाली आणि मावशीच्या रिकाम्या जागी फिरू लागली. तिखट वारा पडला. माझी बाहेरची फेरीच गेली, त्यामुळे मी आक्रसलो. सदरा गुडघ्यापर्यंत आला. मावशी फुगली, तिच्या बांगड्या मनगटात रुतल्या. पण चेहरा निवला होता. मला तर इतकं हलकं वाटलं की रडूच आलं.

छातीत ठोके मात्र अकराचेच पडत होते, आणि माश्या दहा. मावशीचं उलटं झालं होतं, ठोके सतराचे आणि माश्या अठरा. मी जायला वळलो तर पाय तिच्याकडेच ओढले गेले, आणि मी तिच्या खांद्याला चिकटलो.

"सोड की मेल्या."

"मी कुठं धरलंय?"

तसेच पिंपळाकडे गेलो, मडकं उतरवलं. वाटेत माशी दिलेले आणि माशी घेतलेले असे बरेच भेटले आणि चिकटत गेले. माझ्या पुढे, मागे, दोन्ही अंगांना, डोक्यावर, पायाखाली, सगळीकडे घेणारेच. मावशीला सगळीकडून देणारे. आमचा एक पांढरा, चौकोनी ठोकळा झाला. हलायला जागा उरली नाही. मी मडकं छातीशी धरलं, आणि ठोकळा उतारावरून घसरत खाडीत गेला.

पाणी गुडघ्याला लागलं. मी डोळे मिटले.

पेटलो नाही.

पाणी आमच्या मधे शिरलं आणि एकेकजण सुटा होत गेला. मावशीचा खांदाही सुटला.

"जाते रे," ती म्हणाली.

पाण्यानं मला सगळ्या बाजूंनी वेढलं. ते गळ्यापर्यंत आलं तेव्हा मडक्यावरच्या फडक्याची गाठ आपोआप सुटली. आतून रॉकेलच्या वासाचा एक हात बाहेर आला. त्यानं पसाभर पाणी घेतलं आणि माझ्या डोक्यावर ओतलं.