लेकीला 'तुमी'

पूर्णिमाच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेसाठी तिचे वडील, बापूराव, ब्रह्मपुरीहून पुण्याला आले. देशोदेशीच्या कथांमध्ये परका माणूस कसा दिसतो, हा तिचा विषय होता. मांडीवर पिशवी धरून बापूराव मागच्या बाकावर बसले. तिथल्या चर्चेतलं फारसं काही त्यांना कळलं नाही, पण परीक्षकांना शांतपणे उत्तरं देणाऱ्या लेकीला ते डोळे भरून पाहत राहिले.

अभिनंदन करून सगळे गेल्यावर दोघं कॅन्टीनमध्ये चहाला बसले. बापूराव म्हणाले, "तुमी मस्त बोलल्या."

"बाबा, मला 'तुम्ही' काय म्हणताय?"

ते ओशाळले. "मालूम नाही. तोंडातून तसंच निंघालं. तुमचं बोलणं आयकून..." पुन्हा तेच झालं हे लक्षात येऊन त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

पुण्यातल्या पहिल्या वर्षी कोथरूडच्या होस्टेलमधल्या मुली तिच्या 'मले-तुले'ला हसायच्या. म्हणून तिने ते प्रयत्नपूर्वक टाकून दिलं होतं. आता ती घाईने म्हणाली, "मले 'तू' म्हना नं, बाबा." तिचं तिलाच ते नक्कल केल्यासारखं वाटलं. पाहुण्याने विनोद केल्यावर हसावं, तसे बापूराव हसले.

संध्याकाळी बसच्या पायरीवरून वाकून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तब्येत सांभाळा," ते म्हणाले.

तिने मान हलवली. बस वळून दिसेनाशी झाल्यावर ती तिथेच फुटपाथवर बसून रडली.