स्वस्तातला पिवळा

संजीवनीनं जुनी ओम्नी घेतली तेव्हा गाडीचं इंजिन ठणठणीत होतं, टायर बरे होते आणि मागची जागा तर अशी ऐसपैस, की शेगडी, परात, पाण्याचा जार आणि पिठाचा डबा ठेवूनही वर दोन माणसं बसतील. खोट म्हणाल तर एकच. ती गाडी आधी रुग्णवाहिका होती. भोरच्या एका डॉक्टरांनी नवी घेतली म्हणून ही विकायला काढली. दोन्ही बाजूंना लाल क्रॉस आणि समोर ठसठशीत अक्षरांत ‘रुग्णवाहिका’.

संजीवनी पानशेतला, धरणाच्या रस्त्याकडेला, शनिवार-रविवारी पिठलं-भाकरी विकायची. आजवर सगळा पसारा दुसऱ्याच्या टेम्पोतून आणायची. त्याला यायला उशीर झाला, की गिऱ्हाईक पुढच्या हॉटेलात. म्हणून ती हट्टानं गाडी शिकली, चाळिशीत लायसन काढलं आणि पहिल्या रविवारी स्वतःच्या गाडीतून ऐटीत आली.

त्या दिवशी पुण्याची पहिली गाडी थांबली ती काळजीनंच. “काही अपघात झालाय का हो?” आतल्या बाईंनी विचारलं. दुसरे एक काका गुडघा फुटलेल्या नातवाला घेऊन आले. संजीवनीनं जखमेला हळद लावून दिली. काकांनी दहादा आभार मानले, पण जेवायला काही बसले नाहीत. दुपारी भाकऱ्या उरल्या.

“रंगच द्यायचा तर पुण्याला नेऊन नीट देऊ,” तिचा नवरा जगन म्हणाला. “जरा थांब. दिवाळीनंतर बघू.”

“दिवाळीपत्तुर म्या काय मलमपट्टी करीत बसू व्हय?”

तिच्या माहेरी, आंबवड्याला, भावकीतले सावळारामदादा होते. ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या रंगवायचे. जगननं कुरकुरत का होईना, आरटीओत खेटे घालून रंग बदलायची परवानगी आणली आणि संजीवनी वेल्ह्यावरून गाडी हाकत आंबवड्याला पोचली. मोबाईलवर झेंडूच्या फुलाचा फोटो दाखवून म्हणाली, “दादा, असा पायजे. आन् स्वस्तात बसव.”

सावळारामनं गाडीभोवती एक फेरी मारली. क्रॉसवरून नख फिरवलं.

“हे बघ संजे, आदीच सांगतो. स्वस्तात म्हंजी वरून. दारं उघडली की आत पांढरंच दिसंल. पोचे हायेत ते ऱ्हातील, उलट चकाकीनं जास्तच दिसतील. आन् ही अक्षरं लई जाड रंगानं लिवलीत. पार पत्र्यापत्तुर घासल्याबिगर जायची न्हाईत. तेवढं घासणं ह्या हिशेबात बसत न्हाई.”

“व्हय व्हय,” संजीवनी म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढं तोवर शोरूममधून निघालेली झेंडूच्या रंगाची गाडी उभी होती. त्या गाडीच्या आवाजात दादाचं बोलणं तिला कुठलं ऐकू येतंय!

शेडला जुन्या साड्यांचे पडदे लावून सावळारामनं गाडी रंगवली. ती न्यायला आली तेव्हा गाडी बाहेर वडाखाली उभी होती. एसटीतून उतरून संजीवनीनं लांबूनच पाहिली आणि तिचा जीव हरखून गेला. पिवळीधमक! झेंडूपेक्षा हळदीकडं झुकलेली, पण काय ती झळाळी! जवळ गेली तसा तो आनंद पावलापावलानं थोडा थोडा उतरला. काचेच्या रबरावर पिवळे शिंतोडे. हात फिरवला तर संत्र्याच्या सालीसारखं खरखरीत. बॉनेटवर एक डास पंख पसरून कायमचा चिकटलेला. तरी तिनं चावी फिरवली. घरी गेल्यावर एवढं कोण निरखून बघतंय?

घरी अंगणात गाडी लावली तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. तिरपी किरणं दारावर पडली, आणि पिवळ्या रंगाखालून क्रॉस हळूच वर आला. फुगलेल्या कडांसकट. समोर बघितलं तर ‘रुग्णवाहिका’ पिवळ्यावर पिवळी, स्पष्ट वाचता येत होती.

जगनला हसू आवरेना, तो ओट्यावर बसला आणि पोट धरून म्हणाला, “अगं, काविळीचा पेशंट दिसतोय गं!”

संजीवनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याचं ते हसणं बघून तिलाही हसू फुटलं, आणि हसू फुटल्याचा राग आला. सकाळी उठून तिनं गाडी पुन्हा आंबवड्याकडं वळवली.

“दादा, हे काय केलंस?”

“म्या काय सांगितलं व्हतं?” सावळारामनं शांतपणे विचारलं.

तेव्हा कुठं तिला त्याचा शब्दन् शब्द आठवला. ती खाली मान घालून बाजेवर बसली. सावळारामची बायको रतनबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. तिनं चहाचा कप पुढं केला आणि गाडीकडं निरखून बघत म्हणाली, “पुसून जात न्हाई तर झाका की. तू विकतीस काय? भाकरी. मग काढा त्यावर भाकरी.”

“मला कुठं चित्र काढाया येतं?” सावळाराम म्हणाला.

“गोल तर काढाया येतंय!” रतनबाईनं परात धुऊन पुसली आणि दाराला लावून धरली. संजीवनीनं खडूनं कड आखली. क्रॉस बरोबर आत बसला. सावळारामनं त्यात पांढऱ्याचे जाड हात मारले, वर करपल्यासारखे करडे डाग दिले. समोरच्या अक्षरांवर त्याहून मोठ्या, ट्रॉलीवर लिहितात तशा अक्षरांत ‘पिठलं-भाकरी’ लिहिलं. दुपारभर तिघं खपली. संजीवनीच्या नाकाला पांढरा रंग लागला होता, तो घरी जाईपर्यंत तसाच राहिला.

रविवारी गाडी रस्त्याला लागली. थोड्या वेळानं एक मोटार पुढं गेली, थांबली आणि उलटी मागं आली. मागच्या खिडकीतून एक चिमुरडी ओरडली, “आई, चांदोबा!”

“भाकरी हाय ती, बाळा,” संजीवनी म्हणाली.

“नाही, चांदोबाच आहे.”

पुढच्या गाडीतल्या पोरांनाही चांदोबाच दिसला. त्याच्या पुढच्यांनाही. तिसऱ्या वेळी संजीवनीनं भाकरीचा आग्रह सोडून दिला. पोरं दारापाशी उभी राहून फोटो काढून घेत होती आणि तोवर त्यांच्या आईवडलांना भूक लागत होती. जगनला दुपारी पीठ आणायला पिटाळावं लागलं. तो पोतं खांद्यावर घेऊन आला तो हसतच. “चांदोबाच्या गाडीवर गर्दी हाय म्हणून नाक्यावर सांगत्यात.”

पावसाळ्यानंतर टपावरचा रंग ठिकठिकाणी फुगला, मागच्या चाकाजवळ एक पापुद्रा निघाला. सावळारामनं तेवढ्यावर हात मारून दिला. तो नवा पिवळा जुन्याशी काही जुळला नाही. संजीवनीनं फार मनावर घेतलं नाही.

एक दिवस वेल्ह्याची राजनंदिनी तिच्याकडं आली. तिनं रोपं विकायला जुनी व्हॅन घेतली होती आणि तिला हिरवा रंग द्यायचा होता. “स्वस्तात चांगला व्हतो का गं?” तिनं विचारलं.

संजीवनीनं भाकरी तव्यावर टाकली, पदराला हात पुसले आणि तिला गाडीपाशी नेलं. दार उघडून आतला पांढरा पत्रा दाखवला, तिचा हात धरून बॉनेटवरून फिरवला. “हे असं व्हतंय बघ. नवी गाडी करून मागशील तर रडशील. गाडी रंगवून मागशील तर मिळंल. आन् दादा जे सांगतोय ते नीट ऐकून घे. म्या ऐकलं न्हाई.”

“हा डास कुठला गं?” राजनंदिनीनं बोट लावून विचारलं.

“तो पैल्यापासनंच हाय,” संजीवनी म्हणाली आणि भाकरी उलटायला धावली.