पारावरचा रेचा

“रेचा उलटा फिरवला, तर सरकी परत कापसात शिरते का?”

हा प्रश्न माझा नव्हे, हे आधीच सांगून टाकते. मनकर्णा आणि गंगू या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावून मला तो विचारायला लावला. आणि विचारायचा कोणाला, तर सहदेव मिस्त्रीला. अकोल्यात रेचे बनवणारा हा सुतार असा तिरसट, की त्याच्या दारात मोठी माणसंही आवाज उतरवून बोलतात. गंगू म्हणाली, “नाही इचारलं तं तू भित्री.” मी विचारलं! आणि मागे वळून पाहते तो दोघी पळालेल्या. कोपऱ्यापलीकडून त्यांचं हसणं तेवढं ऐकू येत होतं.

रेचा म्हणजे सरकी काढायचं यंत्र. उभ्या चौकटीत दोन लाट्या, म्हणजे लाकडी रूळ, एकीवर एक, अगदी चिकटून. दांडा फिरवला की त्या कापूस तोंडात ओढतात. रुई पलीकडे निघते, सरकी अलीकडे गळून पडते. आमच्याकडे घरोघरी हाच आवाज असतो, म्हणून त्याच्याकडे कोणी नीट पाहत नाही.

मिस्त्री हसला नाही. रंदा थांबवून म्हणाला, “मले काहून इचारतं वं पोरी? लहानसा रेचा कर, फिरव उलटा, अन् पाह्य.”

“मले कुठी येते रेचा करता?”

“मंग मी का मायच्या पोटातून शिकून आलो?”

मी घरी आले आणि विसरले. तेव्हा हसायला दुसरं पुष्कळ होतं.

चैत्रात मनकर्णा बार्शीटाकळीला सासरी गेली. अक्षय्य तृतीया झाली आणि गंगूला अमरावतीला नेलं. माझंही लग्न सातव्या वर्षीच झालं आहे, पण सासूबाईंचा निरोप आहे, पोरगी आणखी दोन वर्षं राहू द्या. म्हणून मी अजून पंतोजींच्या शाळेत जाते. ती मारुतीच्या पारावर भरते. मोठ्या पोरी आम्ही तिघीच होतो. आता मी एकटी, आणि भोवती सगळी पाच-सहा वर्षांची पोट्टी, ज्यांना नाक पुसायचंही भान नसतं. मला मोडी वाचता येते, त्रैराशिक येतं, पंतोजींची चूक मी दोनदा दाखवून दिली आहे (दुसऱ्यांदा त्यांनी मान्यही केली!). पण हे सांगू कोणाला? यंदा कापसाच्या भावानं सगळा वऱ्हाड झपाटला आहे. माय आणि बाबा उजाडता शेतात जातात, दिवेलागणीला येतात आणि ताटावरच पेंगतात. दिवसभर मी बोलायच्या गोष्टी साठवून ठेवते. संध्याकाळी त्यातली एखादी काढली की माय म्हणते, “हो बाई,” आणि मला कळतं की तिनं ऐकलेलं नाही.

हे बाबांच्या ध्यानात आलं नसेल असं मला वाटायचं. पण मार्गशीर्षात अमरावतीहून उत्तमराव मामा कापूस घेऊन बाजारात आले, तेव्हा बाबांनीच विषय काढला. मामा म्हणाले, “संक्रांतीनंतर येतो मी. घेऊन जातो कौतिकाले. सासरी जाईपर्यंत राहीन माह्याकडे. आमच्या घरापुढंच तं तिच्या गंगूचं सासर हाये.” गंगूच्या घरापुढे! माझी शाळा कायमची सुटणार होती, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी त्या दिवसापासून भिंतीवर कोळशाच्या रेघा मारू लागले.

ते दिवस जाता जात नव्हते. दुपारी पंतोजी जेवायला गेले की पोट्टी पारावर ज्वारीच्या धांड्यांच्या गाड्या करत. भेंडाची चाकं, सालपटाचा आस. मी एका कडेला पाय सोडून बसायची. एकदा सहज म्हणून गेले, “गाड्या काय करता रे? मी रेचा करून दाखवते.”

“पोरीले कुठी येते रेचा!” चंद्रभान म्हणाला. तो सहा वर्षांचा आहे.

झालं! मला तेवढं पुरे होतं.

काळ्या मातीचे दोन खांब केले, वाळताच तडकले. पुन्हा केले, पुन्हा तडकले. तिसऱ्या वेळी चंद्रभाननं घराच्या भिंतीची आठवण काढली आणि आम्ही भिंतीसारखंच चिखलात कुटार, म्हणजे धान्याचा भुसा, तुडवलं. मग ते टिकले. लाट्यांना ज्वारीचं धांडं कुचकामी, दाबलं की पिचतं. म्हणून तुराट्यांचे दोन जाड तुकडे घासून गुळगुळीत केले, टोकं कोरून बारीक केली. वरची लाटी उचलली जायची, तिला चिपाटाची पाचर मारली. खालच्या लाटीला दांडा बसवला. पण दांडा फिरवला की खालची तेवढी फिरे, वरची घसरत राही.

“माह्या आजीच्या चरख्यावानी दोरी लावा ना,” चंद्रभान म्हणाला. मी अंबाडीची सुतळी दोन्ही लाट्यांच्या टोकांवरून माळेसारखी ओढून बांधली, आणि दोन्ही लाट्या फिरल्या! पोट्ट्यांनी असा गिल्ला केला की देवळातली कबुतरं उडाली. मी बोंडातला कापूस तोंडाशी धरला. तो नुसता थरथरला. आत जाईना. दाबून पाहिला, पाचर घट्ट केली, थुंकी लावली. दोन लाट्या त्याला घासत होत्या, आत ओढत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग पोट्टी कंटाळली आणि आपल्या गाड्यांकडे परतली.

माणिक तेवढी राहिली. पारासमोर फुलं विकणाऱ्या पार्बताबाईची ही पोर, पाच वर्षांची. ती बोलत नाही म्हणून तिला कोणी खेळायला घेत नाही. आम्ही दोघी रेच्याच्या दोन बाजूंना बसलो. मला सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नसावं, आणि माझ्याजवळ होतं ते पाच वर्षांच्या पोरीला काय सांगणार?

चौथ्या दिवशी तिनं माझी सुतळी काढली.

“अवं! काय करून राहिली?”

तिनं वर पाहिलं नाही. तिची माय गजरा कसा बांधते ते मी रोज पाहते: दोन फुलं या बाजूला, दोरा मधून आडवा, दोन फुलं त्या बाजूला. माणिकनं दोन लाट्यांना तसंच बांधलं. सुतळी मधे स्वतःलाच ओलांडून गेली, धुळाक्षरातल्या चाराच्या आकड्यासारखी. “चुकलं वं, असं नसते,” मी म्हटलं आणि पुन्हा सोडायला हात घातला. तेवढ्यात तिनं दांडा फिरवला.

वरची लाटी उलटी फिरली. खालची तिच्याकडे, वरची माझ्याकडे. मी कापूस तोंडाशी धरला, आणि तो बोटांतून ओढला गेला! पलीकडून रुईची एक बारीकशी जीभ बाहेर आली. सरकी टप्पकन माझ्या मांडीवर पडली.

“एक इकडं, एक तिकडं,” माणिक म्हणाली. मी ऐकलेले तिचे हे पहिले शब्द.

मी तिचा हात धरून सहदेव मिस्त्रीकडे पळत गेले. त्यानं खऱ्या रेच्याच्या लाट्यांची टोकं दाखवली. त्यांवर आटे कोरलेले असतात, एकमेकांत अडकलेले. एक लाटी फिरली की दुसरीला ते उलटं फिरवतात. तुमची सुतळी अन् माह्ये आटे, काम एकच, तो म्हणाला. मी जन्मापासून रेच्याशेजारी झोपते. मला ते आटे कधी दिसले नव्हते.

हे सगळं मला गंगूला सांगायचं होतं. संक्रांतीला ती माहेरी आली. मी तिला ओढतच पारावर नेलं. तिनं नवं लुगडं सावरून धरलं, मातीला लागू नये म्हणून. मी रेचा फिरवून दाखवला, तिच्या पैजेसारखा उलटाही फिरवला (सरकी काही परत शिरली नाही!), सुतळी सोडून माळेसारखी लावून दाखवली, परत गजऱ्यासारखी बांधली.

“तू अजून पोट्ट्याइच्या संगं चिखलात खेळतं?” ती हसून म्हणाली. वाईट मनानं नाही. मग म्हणाली, “आमच्या घरी तं दोन रेचे हायेत. माही जाऊ फिरवते, मी कापूस देते. हात भरून येते बाप्पा.” आमच्या घरी म्हणजे अमरावतीला.

“मी येऊन राहिली ना अमरावतीले! रोज भेटू.”

ती रस्त्याकडे पाहत होती. “मले कुठी बाहेर निंगता येते वं. पान्याले गेली तं दिसीन.” पदर पुढे ओढत म्हणाली, “तेबी सासू संगं असते.”

आणि तिला उशीर झाला होता. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. पूर्वी ती वळणावरून हमखास मागे पाहायची. आता तिच्या डोक्यावर पदर होता, त्यातून मागे वळून पाहणं सोपं नसेल.

मी परत येऊन बसले. मला रडू येत होतं आणि पोट्ट्यांसमोर रडायचं नव्हतं. माणिकनं तुराटीचा एक तुकडा माझ्यासमोर धरला.

“तिसरी लावली तं कोनीकडं फिरन?”

मी मनातल्या मनात सुतळी ओढून पाहिली, हरवली, परत ओढली. चंद्रभान धावत आला, म्हणाला, “इकडं!” दुसरा कोणी म्हणाला, “तिकडं!” मग सगळीच आली, चिखल तुडवायला लागली. गंगूचं दुःख काही गेलं नाही. ते छातीत होतंच, पण हात कामाला लागले होते.

काल मामा आले. संध्याकाळी सगळे जेवायला बसले. माय एका हातानं वाढत होती, दुसऱ्या हातानं माझं गाठोडं बांधायला कपडे पुढे ओढत होती. मी ताट सरकवलं आणि उभी राहिले. उभं राहून बोललं तर ऐकतील असं मला वाटलं.

“माय, ते गाठोडं ठेव. बाबा, तुमीबी ऐका, अन् यावेळी नुसतं हो नका म्हनू. मी अमरावतीले नाही जात. मामा, राग नका धरू. गंगू तठी हाये, पन ती मले भेटनार नाही, हे मी तिच्या तोंडून ऐकलं. मले इथीबी करमत नाही. करमनारबी नाही लवकर. पन पंतोजीले इचारून आली मी. दुपारी ते जेवायले गेले का लहान पोट्ट्याइले मी शिकवनार, मातीनं, सुतळीनं, जसं जमन तसं. दोन वर्सं हायेत माह्याजवळ. ते मी पारावर काढनार.”