कापलेलं आवर्तन

रविवारी सकाळी दहा वाजता मोजणीसाहेबांनी दार आतून लावून घेतलं आणि टेबलावर मोबाइल ठेवला. एरवी या वेळेला चहा होत असे. आज कप कपाटातून बाहेर आलेच नव्हते.

खोलीत चौघं होती. मोजणीसाहेब जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. घर त्यांचं, टेपचं यंत्र त्यांचं, जुन्या बैठकांच्या फितींनी भरलेली दोन्ही कपाटंही त्यांचीच. खिडकीशी वकील. ठरलेल्या खुर्चीत घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी. आणि दाराजवळच्या स्टुलावर ताई. ताई दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवत. दर रविवारी त्या हात घासून येत, तरी नखांच्या कडेला प्लास्टरची पांढरी रेघ राहायचीच.

"ऐका," साहेब म्हणाले.

मोबाइलमधून बाईंची तोडी सुरू झाली. या खोलीत 'बाई' म्हटलं की दुसऱ्या कुणाचा विचार कोणी करत नसे. बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचं गाणं म्हणून शिल्लक होतं ते एवढंच, साहेबांनी तरुणपणी एका घरगुती बैठकीत उसन्या यंत्रावर टिपलेलं. मूळ फीत कपाटात कुलूपबंद होती. रविवारच्या या मंडळातल्या बाकी तिघांना साहेबांनी एकेक सीडी करून दिली होती. अट अशी, की ती घराबाहेर जायची नाही आणि आपसातही द्यायची-घ्यायची नाही.

"हे इंटरनेटवर आहे," साहेब म्हणाले. "कोणीही यावं, ऐकावं, भेळ खात खात ऐकावं."

"टाकलं कुणी?" वकिलांनी विचारलं. त्यांच्या स्वरावरून उत्तर त्यांना आधीच ठाऊक असावं.

साहेबांनी बोट वर केलं. बाई समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्या आणि लगेच अंतऱ्याकडे वळल्या.

"इथं. अंतऱ्याच्या आधीचं एक आवर्तन नाही. मी काढलंय."

"काढलंय म्हणजे?" घड्याळजींनी विचारलं.

"कापलंय. प्रत्येकाच्या सीडीत वेगळ्या जागी. गाणं फुटलं तर कोणाकडून फुटलं ते कळावं म्हणून. ही जागा ताईंची."

ताईंनी ते नाकारलं नाही. पण त्यांनी तोंड उघडायच्या आधीच घड्याळजी उभे राहिले होते.

"थांबा, थांबा. माझ्या सीडीतही?"

"तुमच्यात द्रुतमधली एक मात्रा. तेव्हा मी मात्राच कापायचो. मग लक्षात आलं, समेपासून समेपर्यंत अख्खं आवर्तन काढलं तर कोणाच्या बापाला कळत नाही."

"एक मात्रा!" घड्याळजींचा आवाज चिरकला. "अहो, दोन वर्षं मी बाईंच्या तबलजीला शिव्या घालतोय! इथं बसून, तुमच्यासमोर! मात्रा खाल्ली, मात्रा खाल्ली म्हणून. त्याचा पुतण्या दुकानात घड्याळ घेऊन आला, तर त्याला ऐकवलं मी, तुझ्या काकांना सोळापर्यंत मोजता येत नव्हतं. तो पुन्हा फिरकला नाही. आणि तुम्ही दर वेळी मान डोलवत होतात?"

"मी बोललो काही नव्हतो."

"बसा हो घड्याळजी," वकील म्हणाले. "तुमचा तबलजी वर पोचलाय, तो अब्रुनुकसानीचा दावा लावणार नाही. माझ्या सीडीतलं काय उडवलंय ते मी विचारतसुद्धा नाही. माझ्याकडून काही फुटणार नाही, मला काय फरक पडतो? मुद्दा ताईंचा आहे. बोला ताई. गुन्हा कबूल?"

"मी दिली," ताई म्हणाल्या. "बाईंच्या मुलीला. इंटरनेटवर तिने टाकलं."

मग त्यांनी सांगितलं. दंतवैद्यांकडे एक पेशंट कवळीची तक्रार घेऊन आली होती. बोलताना दातांतून शिट्टी निघते, म्हणत होती. डॉक्टरांनी ताईंना बोलावून घेतलं. पुढचे दात ताई जरा घासत होत्या, तेव्हा ती हसत म्हणाली, आमच्या आईचा षड्ज ऐकायला माणसं लांबून यायची आणि माझ्या तोंडात ही शिट्टी. ताईंनी आईचं नाव विचारलं. ते ऐकून हातातली कवळी त्यांनी ट्रेमध्ये ठेवून दिली होती. मुलगी लहान असतानाच आई गाण्यापायी घराबाहेर पडली. मुलीने तिला गाताना कधीच ऐकलं नव्हतं.

"म्हणून तुम्ही माझा माल उचलून दिलात," साहेब म्हणाले.

"तिच्या आईचा आवाज आहे तो."

"आवाज आईचा, फीत माझी. बुरशी आली तेव्हा कापसाच्या बोळ्याने वीत वीत पुसली आहे मी. तेव्हा ही मुलगी कुठे होती?"

"बापाच्या घरात. आईचं नाव काढलं तर ताट उचलून नेत होते."

"रडगाणं चांगलं आहे," वकील म्हणाले. "कोणत्या रागात बसवलंय?"

साहेबांनी मोबाइल पुढे ढकलला. "बाईंनी मला यंत्र लावू दिलं ते विश्वासाने. उठसूट कोणी यावं आणि खाली शेरे मारावेत म्हणून नाही. वाचलेत का शेरे? एकाने लिहिलंय, आवाज बरा आहे, पण अंतऱ्यात घाई केली. घाई! बाईंनी!"

"घाई तुम्ही केलीत," ताई म्हणाल्या. "कात्री तुमची."

ताई या खोलीत एवढं कधी बोलल्या नव्हत्या. गाणं संपल्यावर सगळ्यांच्या शेवटी एखादं वाक्य बोलायचं, तेही खाली मान घालून, हा त्यांचा शिरस्ता होता. घरी भावाच्या संसारात त्यांचं बोलणं भाजी आणि विजेच्या बिलापलीकडे जात नसे. बोलण्यासारखं जे काही होतं ते आठवड्यातून एकदा इथेच.

"मला काढायचं तर काढा. पण माझ्याकडे नाही ते आवर्तन या दोघांच्या सीडीत आहे. तेवढं तिला द्या. एवढंच मागते."

साहेबांनी वकिलांकडे पाहिलं, मग घड्याळजींकडे. "ज्याला द्यायचंय त्याने आत्ताच सांगावं. दार उघडून देतो. ताईंबरोबरच बाहेर जा."

वकील खिडकीबाहेर बघू लागले. घड्याळजींनी खिशातला रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली. ताईंनी पर्स उचलली आणि कडी स्वतःच काढली.

सोमवारी त्या कामाला बसल्या, तेव्हा बाईंच्या मुलीचा फोन आला. ताईंनी तिला रात्रीच सगळं कळवलं होतं.

"तुम्ही मला फाटकं गाणं दिलंत," पहिलंच वाक्य.

"मला माहीत नव्हतं."

"इतकी वर्षं ऐकता ना तुम्ही लोक? जाणकार ना? एवढा तुकडा गेला, कळलं नाही?"

साहेबांकडे मूळ फीत त्यांनी एकदा ऐकली होती. सीडी मात्र किती वेळा ऐकली याला गणती नव्हती, आणि सीडीतलंच खरं वाटू लागलं होतं.

"साहेबांना गाणं इंटरनेटवर नको आहे," ताई म्हणाल्या. "काढलंत तर कदाचित..."

"कदाचित काय? तुम्हाला परत बसायला स्टूल देतील? तुम्ही सांगा काढ म्हणून. आत्ता काढते. पण तुमच्या तोंडून ऐकू दे."

समोर प्लास्टरच्या साच्यात कोणाचा तरी खालचा जबडा वाळत होता. ताईंनी त्याच्या कडेवरचा कण नखाने खरवडला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"मग त्या तुकड्यात होतं काय, तेवढं तरी सांगा."

"मला गाता येत नाही."

"गायला कोण सांगतंय? बोला."

ताईंनी डोळे मिटून एकदाच ऐकलेली मूळ फीत आठवली. "बाई गंधारावर थांबल्या होत्या. तबला पुढे निघून गेला. वाटलं, आता सम चुकणार. त्या हलल्याच नाहीत. आणि अगदी शेवटी, कोणी घाईत जाताना उंबऱ्याला हात लावून जावं ना, तशा खाली आल्या. सापडली सम."

मुलगी म्हणाली, "असं सांगून मला काय कळणार?" आणि फोन ठेवला.

बुधवारी ताई घड्याळजींच्या दुकानात गेल्या. भिंतीवरची घड्याळं वेगवेगळ्या वेळा दाखवत होती. घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढलंच नाही.

"ज्यासाठी आल्या असाल त्याला माझा नकार आहे," ते म्हणाले.

"मी अजून मागितलं नाही."

"मागू नका. ताई, तुम्हाला सोपं आहे. तुम्ही बाहेर पडलात. मी कुठे जाऊ? घरात सून टीव्ही लावते, मुलगा म्हणतो बाबा आवाज कमी करा. माझ्याशी रविवारी दोन तास माणसं बोलतात. शिव्या का घालेनात, पण बोलतात."

"त्यांनी तुमची मात्रा कापली."

"कापली. मग?" त्यांनी भिंग काढून टेबलावर आपटलं. "तुमच्यामुळे कळलं मला. नसतं कळलं तर सुखात होतो. तुम्ही दान करायला निघालात आणि आमच्या घरातली भिंत पाडलीत. जा आता. गिऱ्हाईक येईल."

गिऱ्हाईक कोणी नव्हतं. ताई पायरी उतरल्या, तेव्हा मागे कसलंसं घड्याळ टोले देऊ लागलं. घड्याळजींनी ते मध्येच बंद केलं.

पुढच्या सोमवारी वकिलांचा फोन आला.

"साहेबांनी सगळ्या प्रती परत मागवल्यात. काल जमा झाल्या. तुमची राहिलीय."

"माझी सगळ्या जगाकडे आहे. तिथून घ्या."

"उर्मटपणा शिकलात म्हणायचं. मी माझी दिली, गपचूप. आणि तो तुमचा घड्याळजी, त्याचं नाटक ऐका. म्हणे सीडी तुटली. हातातून पडली, पायाखाली आली. साहेब म्हणाले, तुकडे आणा."

"मग?"

"मग काय? म्हणे शोधून आणतो. तुकडे काय शोधायचे असतात? साहेबांनी चहा थांबवला त्याचा. मंगळवार संध्याकाळपर्यंत मुदत दिलीय, नाहीतर त्यालाही दार बंद."

मंगळवारी संध्याकाळी घड्याळजींचं दुकान रोजच्यापेक्षा लवकर बंद झालं. पिशवीत अख्खी सीडी घेऊन ते बाहेर पडले. साहेबांकडे तुकडे पोचलेले नव्हते. ताईंकडेही काही आलेलं नव्हतं.