कानताईंची चूक

कानताईंनी आजोबांच्या उजव्या कानामागे नवं मशीन अडकवलं, आवाज थोडा वाढवला आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन नेहमीच्या सुरात विचारलं, “आजोबा, येताना त्रास नाही ना झाला?”

“झाला की!” आजोबा मान न वळवता म्हणाले. “परवापासून अंगात कणकण आहे. घरात सगळेच खोकताहेत. पण सूनबाई म्हणाल्या, मशीन आलंय तर चला.” मग एकदम चमकून त्यांनी वर बघितलं. “अहो, हा पंखा इतका कुरकुरतो?”

एरवी या क्षणाला कानताई हसायच्या. श्रवणयंत्राच्या दुकानात सत्तावीस वर्षं काढल्यावरही माणसाला पंखा पहिल्यांदा ऐकू आला की त्यांना मनापासून आनंद व्हायचा. आज त्यांचा हात आपोआप स्वतःच्या तोंडाकडे गेला. मास्क हनुवटीवर होता.

साथीनं पुन्हा डोकं वर काढल्याला तीन आठवडे झाले होते. बातम्यांत आकडे चढत होते आणि रस्त्यावरचे लोक ते आकडे दुसऱ्या कुठल्या गावाचे असल्यासारखे वागत होते. दुकानात मात्र कानताईंनी शिस्त लावली होती. दारातच तीन प्रश्न: ताप? खोकला? घरात कुणी आजारी? आजोबांनाही विचारले होते. आजोबा गोड हसून “नाही नाही, सगळं उत्तम” म्हणाले होते.

आता यातली गंमत अशी, की ऐकू न येणारा माणूस प्रश्नाला उत्तर देतच नाही. तो समोरच्याचे डोळे बघतो. डोळे काळजीत दिसले की “नाही नाही”, हसरे दिसले की “हो हो”. कुणाला पुन्हा पुन्हा विचारायला लावायची लाज वाटते, म्हणून वर्षानुवर्षं जडलेली ही सवय. दुकानात येणाऱ्या प्रत्येक सुनेला, प्रत्येक मुलाला कानताई हे समजावून सांगायच्या. आणि त्याच कानताईंनी बहिऱ्या माणसाला मास्कआडून प्रश्न विचारला आणि त्याच्या “नाही नाही”वर विश्वास ठेवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुढचं सगळं त्या ओघात झालं होतं. मास्कची दोरी कानामागच्या मशीनला अडकते, म्हणून आजोबांचा मास्क काढला. ओठ दिसल्याशिवाय त्यांना काही कळेना, म्हणून स्वतःचा खाली ओढला. वीतभर अंतरावर तोंडं, अर्धा तास.

त्यांनी स्वतःलाच दटावलं, चूक झाली ती झाली, आता हातपाय गाळून ती निस्तरणार नाही. त्यांनी मास्क नाकावर घट्ट बसवला, दोन्ही खिडक्या उघडल्या आणि आजोबांना एक मास्क दिला, डोक्यामागून बांधायचा. बाहेर बसलेल्या सुनेला सांगितलं, “आजच्या आज यांची तपासणी करा. तुमचीही. आणि दम लागला तर वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.”

“साधं पडसं आहे हो,” सून म्हणाली.

“असू दे. साधं आहे एवढं कळलं तरी बरंच.”

मालकांना फोन केला तर त्यांनाही साधं पडसंच हवं होतं. “ताई, कशाला बोभाटा करता? उद्याची माणसं फिरकायची नाहीत.”

“फिरकू नयेतच. मी त्यांना कळवतेय. पाच दिवस मी दुकानात येणार नाही. त्यानंतर तपासणी काय म्हणेल ते.”

मालक रागावले. कानताईंनी फोन ठेवला आणि उद्याच्या लोकांना मोठ्या अक्षरात निरोप पाठवले, कारण त्यांच्या गिऱ्हाइकांना फोनवर काही सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

खरी परीक्षा पुढे होती. घरी नवरा होता. सहा वर्षांपूर्वी त्याला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं होतं. शरीरानं ते परकं म्हणून हाकलू नये, यासाठी रोज गोळ्या घ्यायच्या. त्या गोळ्यांनी शरीराचे पहारेकरी कायमचे पेंगत ठेवलेले. लशी सगळ्या घेतल्या होत्या, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, इतरांइतक्या भरवशावर राहू नका.

कानताईंनी घराच्या कोपऱ्यावर थांबून फोन लावला. “अहो, नीट ऐका. गोळ्यांचा डबा, आठ दिवसांचे कपडे आणि तुमची फाइल पिशवीत भरा आणि तुमच्या ताईंकडे जा. त्यांच्याशी बोलले मी. तुम्ही बाहेर पडल्याशिवाय मी घरात येत नाही.”

त्यांनी झालं ते सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, “मी काही जात नाही. तू आजारी पडलीस तर पाणी कोण देणार तुला? मी काय साखरेचा आहे विरघळायला?”

“आहात. डॉक्टरांनी तसंच सांगितलंय.”

“अगं, मी दवाखान्यात होतो तेव्हा तू चाळीस दिवस बाकावर झोपलीस. आणि मी आता बहिणीकडे जाऊन मजेत राहू?”

कानताईंचा आवाज चढला. रस्त्यावरची एक बाई वळून बघायला लागली. “ते चाळीस दिवस मी कशासाठी काढले? तुम्ही असे हट्टापायी घालवायला? मला भीती वाटतेय हो. माझी नाही, तुमची. माझ्या हातून तुम्हाला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? स्वतःला तरी?”

पलीकडून कपाट उघडल्याचा आवाज आला.

पंधरा मिनिटांनी तो पिशवी घेऊन उतरला. त्या समोरच्या पदपथावर उभ्या होत्या. त्यानं रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं, तसा त्यांनी पोलिसासारखा हात वर केला. तो थांबला. “तापाची गोळी वरच्या फळीवर आहे,” तो तिथूनच ओरडला आणि रिक्षात बसला.

तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. तपासणीत दोन रेघा उमटल्या. तीन दिवस ज्याची धास्ती होती तेच झालं, पण त्या रेघांकडे बघून कानताईंना रडू आलं ते सुटकेचं. तो घरात नव्हता. त्यांनी डॉक्टरांना फोन करून काय करायचं ते विचारलं आणि कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा, बोटाला यंत्र लावून प्राणवायू बघायचा, पाणी प्यायचं, झोपायचं. आकडे नवऱ्याला कळवायचे. तो दर तासाला विचारायचा. “आता विचारलंत तर खोटे आकडे सांगेन,” असं त्यांनी दरडावलं, तेव्हा कुठे तो दोन तासांवर आला.

शेजारीण दाराबाहेर डबा ठेवून जायची. दारातून म्हणायची, “मला तर काय बाई, हे सगळं संपलं असंच वाटत होतं.” कानताई आतून म्हणायच्या, “मलाही.”

नवव्या दिवशी ताप उतरून चार दिवस झाले होते. बाराव्या दिवशी एकच रेघ आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच. नवऱ्याची तपासणी पहिल्यापासून स्वच्छ होती. आजोबाही चार दिवस दवाखान्यात राहून घरी परतले होते.

दुकानात परतल्यावर कानताईंनी तीन प्रश्न ठळक अक्षरांत छापून दाराला लावले. येणाऱ्यानं ते मोठ्यानं वाचायचे, एकेकाचं उत्तर द्यायचं, मगच आत. मालक म्हणाले, “ही काय शाळा आहे?” कानताई म्हणाल्या, “नापास मी झाले होते. पुन्हा व्हायचं नाही.”

नवरा घरी आला, पण त्यांचं काम रोज दहा माणसांच्या तोंडाशी होतं आणि साथ अजून चढतीच होती. त्यामुळे घरात नवे नियम आले. झोपायला वेगळ्या खोल्या. घरात मास्क. जेवताना तो काढावा लागतो, म्हणून जेवायला तो टेबलाच्या एका टोकाला आणि त्या दुसऱ्या टोकाला, मधली खिडकी उघडी. थंडीचे दिवस. वारा थेट ताटावर यायचा.

“लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि आता मी पाहुणा,” पहिल्याच संध्याकाळी तो कुरकुरला. “असं किती दिवस?”

“आकडे खाली येईपर्यंत.”

“आणि नाही आले तर?”

कानताईंनाही ते माहीत नव्हतं. त्या ताटाकडे बघत राहिल्या. इतक्या दिवसांनी तो समोर होता आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्यांना फार वाटत होतं.

तो उठून खिडकीपाशी गेला. आता हा खिडकी लावणार, मग भांडण, असं त्यांना वाटलं. त्यानं खुंटीवरचा स्वेटर काढून अंगात घातला, वरपर्यंत बटणं लावली. मग अडकून बसलेलं खिडकीचं दुसरं दार दोन्ही हातांनी ढकलून सताड उघडलं आणि टेबलाच्या त्याच टोकाला परत येऊन जेवायला बसला.