सव्वीस पौंडांचे खोटे

मित्रांनो, एक पत्र आठ वर्षे माझ्या उशाला होते. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ते आणि मी शेजारी शेजारी पडून होतो. त्याला उत्तर गेले नाही. त्यात माझा वाटा मोठा आहे, म्हणून हे सांगायला घेतले. नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. माझ्या सांगण्यावर एका माणसाने फार विश्वास ठेवला होता, आणि त्याचे काय झाले तेच तर सांगायचे आहे.

मी एक जुना गेज आहे, टायरमधली हवा मोजायचा. दिसायला हुबेहूब पेनासारखा. टायरच्या तोंडाशी मला दाबून धरले की माझ्या पोटातून एक पांढरी पट्टी बाहेर सरकते. तिच्यावरचा आकडा म्हणजे हवेचे पौंड. हैदराबादेत, आबिड्सच्या फुटपाथवर मुकुंदरावांनी मला विकत घेतले. त्यांचे तिथेच पुस्तकांचे दुकान होते. मितभाषी माणूस. गिऱ्हाइकाशी बोलतानाही नजर पुस्तकावर.

कुवेतची लढाई सुरू झाली होती आणि पेट्रोल महागले होते. मुकुंदरावांनी पेट्रोल वाचवण्यावरची एक पुस्तिका मिळवली आणि पेन्सिलीने खुणा करत तीनदा वाचली. क्लचवर पाय ठेवून बसू नये. सिग्नल लांबला तर इंजिन बंद करावे. दर आठवड्याला, गाडी हलण्याआधी, टायर थंड असताना हवा तपासावी. या शेवटच्या वाक्यामुळे माझे नशीब उघडले. त्यांच्या शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी, मला जागा मिळाली.

काचीगुड्याच्या त्यांच्या घरी एक फियाट होती आणि ती चालवायला हणमंतराव होते. मूळ उदगीरचे, या घरी चौदा वर्षे झालेली. दर रविवारी मुकुंदराव चष्मा सावरत चाकाशी बसत, तेव्हा हणमंतराव हसत. "साहेबांनी आता टायरलाबी परीक्षेला बसवलं!"

"सव्वीस," मुकुंदराव खुशीत म्हणत. पुस्तिकेत सव्वीस आणि माझ्या पट्टीवरही सव्वीस. गाडी लिटरमागे बारा किलोमीटर जात होती. ते दिवस माझे अभिमानाचे होते.

मग एकदा ते बुटाची नाडी बांधायला वाकले आणि मी खिशातून शहाबादी फरशीवर पडलो. वरून ओरखडासुद्धा नव्हता. आतली स्प्रिंग मात्र सैल झाली. मला ते त्याच क्षणी कळले. पण मला आकड्यांशिवाय दुसरी भाषा येत नाही, आणि माझे आकडेच बिघडले होते.

पुढच्या रविवारी मी चौतीस दाखवले.

"हणमंतराव, हवा फार झाली."

"नाय साहेब. काल पंपावर सव्वीसच भरली. हा अंगठा दाबून बघा की."

"अंगठ्यावर आकडे नसतात हो," मुकुंदराव म्हणाले आणि माझी पट्टी सव्वीसवर येईपर्यंत चारही चाकांतली हवा सोडली. फुस्स फुस्स करत चांगली हवा बाहेर जात होती आणि मी तोंड वर करून सव्वीस म्हणत होतो. खरी हवा वीस पौंड उरली होती. मित्रांनो, ती फुसफुस मला अजून ऐकू येते.

हणमंतराव पंपावर हवा भरून आणत आणि मुकुंदराव रविवारी ती सोडत, हे दर आठवड्याला होऊ लागले. गाडी जड चालू लागली, टायर कडेने झिजू लागले. "एअर फिल्टर साफ करून घ्या, डिकीतले पुस्तकांचे गठ्ठे काढा," असे हणमंतराव सांगत राहिले आणि मुकुंदराव "बघू" म्हणत राहिले. बाराचे अकरा झाले, मग अकराही भरेनात. घरी आलेले एक पाहुणे चहा पिता पिता म्हणाले, "ड्रायव्हर नळी घालून पेट्रोल काढत असेल. सगळीकडे चालतं."

मुकुंदराव भिडस्त माणूस, तोंडावर कसे विचारणार? त्यांनी पेट्रोलच्या टाकीला कुलूप बसवून घेतले.

सकाळी हणमंतराव गाडी पुसता पुसता थांबले. "साहेब, हे कुलूप कुणासाठी?"

"चोर... म्हणजे, हल्ली चोऱ्या फार होतात ना."

"गाडी गेटाच्या आत असते. गेटाची चावी तुमच्यापाशी अन् माझ्यापाशी. मग भायरचा कोण येतो?"

मुकुंदराव माझ्याशेजारच्या पेनाचे टोपण उघडझाप करत राहिले. हणमंतरावांनी फडके पिळले, दोरीवर वाळत घातले, गाडीची अन् गेटाची चावी पायरीवर ठेवली आणि ते गेले.

तीन आठवड्यांनी ते पत्र आले. 'कुकटपल्लीच्या एका कारखान्यात माझे काम ठरते आहे. मागची नोकरी का सुटली, असे ते विचारतात. मी पेट्रोल काढले नाही, एवढ्या दोन ओळी लिहून पाठवा. खात्री नसेल तर तुमचा तो पेन एकदा पंपावरच्या गेजशी ताडून बघा.'

मुकुंदराव त्याच दिवशी पंपावर गेले. तिथला माणूस माझ्याकडे आणि आपल्या काट्याकडे आळीपाळीने बघून हसला. "साब, ये पेन लिखने कू अच्छा है. छब्बीस बोलता, अंदर बीसच है!"

म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळले होते. रात्रभर ते टेबलाशी बसले. मायना लिहायचे आणि खोडायचे. उद्या लिहू, म्हणाले. मग इतके उद्या झाले की आता लिहिलेले बरे दिसेल का, ही नवीच लाज वाटू लागली. शेवटी त्यांनी पत्र आणि मी, दोघांनाही त्या कप्प्यात ढकलले. आमच्यावर अंधार पडला. मला त्याचे दुःख नव्हते. उजेडात तोंड दाखवण्यासारखे माझ्याकडे होते काय?

आठ वर्षांत रस्त्यावर नव्या, गुळगुळीत गाड्या आल्या. फियाट विकायची ठरली. कप्पा रिकामा करताना पत्र कुसुमताईंच्या, म्हणजे मुकुंदरावांच्या पत्नीच्या हाती लागले. त्या पायरीवरच बसल्या.

"अहो, याला उत्तर दिलं नाहीत? जन्मभर जगाला पुस्तकं विकलीत, आणि दोन ओळी लिहवल्या नाहीत तुम्हाला?"

"त्याला काम मिळालं असेलच नंतर," मुकुंदराव पुटपुटले.

"नाही मिळालं. परवा स्टेशनावरून त्याच्याच ऑटोत आले मी. राहायलाही अजून तीच जुनी खोली. भाडं घेईना. उतरताना एवढंच म्हणाला, बाई, साहेबांचं पत्र काही आलं नाही."

मुकुंदराव आत गेले. या वेळी मायन्याशी अडले नाहीत. 'हणमंतराव, तुम्ही पेट्रोल काढले नाही. गेज खोटा होता.' इथे हात थांबला. मी टेबलावर होतो, मला दिसत होते. इथे सही केली असती तरी चालले असते. पण त्यांनी पुढे लिहिले, 'आणि हे मला तुमचे पत्र आले त्याच दिवशी कळले होते. हा कागद कुणालाही दाखवा.'

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर टायरची हवा जरूर तपासा. डिकीत नको ते ओझे ठेवू नका, फिल्टर वेळेवर साफ करा. पण माझ्यासारख्याचा आकडाही अधूनमधून दुसऱ्याशी ताडून बघा. आणि गाडी रोज हाताळणारा माणूस काही सांगत असेल तर आधी त्याचे ऐका. टायरमध्ये हवा पुन्हा भरता येते. माणसाचे आठ वर्षांचे नाव मला कुठल्या पंपावर भरून मिळणार?

मुकुंदरावांनी तो कागद माझ्याभोवती गुंडाळला आणि आम्हाला जाड लिफाफ्यात घातले. आबिड्सच्या पोस्टात खिडकीवरच्या बाईने लिफाफा चाचपला.

"अंदर क्या है? पेन?"

"नहीं," मुकुंदराव म्हणाले. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. "जवाब है."

माझ्या पाठीवर शिक्का बसला, आणि मी पोत्यात पडलो.