फोटोंच्या जागी चौकोन

थोरल्या जाऊबाईंनी आजवर कशाला चांगलं म्हटल्याचं घरात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. धाकटी लग्न होऊन आली त्या दिवशी त्यांनी नव्या नवरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि "चप्पल मोठी होतेय तुला," एवढंच सांगितलं. चप्पल खरंच मोठी होती, पण म्हणून ते तेव्हाच सांगायचं? तेव्हापासून धाकटीने नियमच केला होता, की काहीही नवं केलं तरी ते थोरलीच्या नजरेस सगळ्यात शेवटी पडू द्यायचं.

म्हणून नवऱ्याच्या दुकानाचं वेबपेज तयार झालं तेव्हा तिने त्याची लिंक एकेकाला वेगळी पाठवली, थोरलीला वगळून. नवऱ्याने मात्र कौतुकाच्या भरात ती सरळ घरच्या ग्रुपवर टाकली आणि सगळ्या सावधगिरीवर पाणी पडलं.

नवरा पुस्तकं बांधायचा. फाटक्या पुस्तकाची जुनी शिवण उसवायची, पानं धुवायची, वाळवायची, नव्या दोऱ्याने शिवून पाठीला सरस लावायचा, ही त्याची विद्या. काम सोन्यासारखं आणि गिऱ्हाईक जवळजवळ शून्य. अशात मोठ्या ग्रंथालयात पाणी शिरलं. कपाटंच्या कपाटं भिजली आणि ती पुस्तकं दुरुस्त करायला माणूस हवा होता. ग्रंथपालबाईंनी सांगितलं, "तुमच्या कामाचे फोटो वेबपेजवर टाका. समिती सोमवारी सगळ्यांची पेजेस बघून ठरवणार आहे." हे काम मिळालं नाही तर दुकान बंद करून पुठ्ठ्याच्या कारखान्यात जायचं, असं नवऱ्याने मनाशी पक्कं केलं होतं. हे बोलताना तो पुस्तकं दाबायच्या यंत्राच्या चाकावरून हात फिरवत राहिला होता आणि धाकटीला ते बघवलं नव्हतं.

मग ती एचटीएमएल शिकायला बसली. इंटरनेटवर एक बाई फुकट शिकवत होत्या. त्यांचा चेहरा कधी दिसला नाही, नुसता आवाज, पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना त्या आवाजाला कंटाळा कसा तो यायचा नाही. धाकटी त्यांचं मनोमन भलं चिंतायची. टोकदार कंसात शब्द लिहिला की टॅग उघडतो, तोच तिरकी रेघ घालून लिहिला की बंद होतो. मथळ्याचे आकार सहा, त्यात एक नंबरचा सगळ्यात मोठा आणि सहा नंबरचा सगळ्यात बारीक. एकदा मोठा मथळा बंद करायचा राहिला आणि दुकानाच्या नावापासून फोन नंबरापर्यंत सगळं पान ठळक अक्षरांत बोंबलू लागलं. नवरा मागे येऊन उभा राहिला. "बरं झालं," तो म्हणाला, "समिती चष्मे विसरून आली तरी चालेल."

पण पान झालं. कुजलेलं पुस्तक, बाजूला तेच पुस्तक नवंकोरं, आणि सगळ्यात खाली सुई धरलेले नवऱ्याचे हात. ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला. मावशींच्या डोळ्यांचं पारणं फिटलं. मामा म्हणाले, फोटो अगदी बोलके आलेत. धाकटी रविवारी सकाळी हरभऱ्याच्या झाडावर चांगली उंच बसली होती, तेवढ्यात थोरलीचा फोन आला.

"फोटो कुठायत?"

"म्हणजे? आहेत की, ताई."

"चौकोन आहेत. रिकामे."

"तुमचं नेट हळू असेल."

"नेट पळतंय. फोटो नाहीत."

धाकटीने आपल्या कॉम्प्युटरवर पान उघडलं. सगळे फोटो जागच्या जागी. "माझ्याकडे दिसतायत," ती जरा तोऱ्यातच म्हणाली. पलीकडून फोन बंद झाला. तिचं डोकं सणकलं. दुधात मिठाचा खडा टाकल्याशिवाय या बाईंना घास गोड लागत नाही, असं ती नवऱ्याला बोलूनही गेली.

तासाभराने दारात थोरल्या जाऊबाई उभ्या. आठवड्याची एकुलती सुट्टी, दोन बस बदलून आलेल्या, कपाळावर घाम. "वाटेत शेजारणीच्या फोनवर बघितलं," चप्पल काढता काढता त्या म्हणाल्या, "औषधवाल्याच्याही बघितलं. चौकोनच. हे बघ."

धाकटीने त्यांचा फोन हातात घेतला. खरंच, एकही फोटो नव्हता. मामांना बोलके वाटलेले फोटो मामांनी पाहिलेच नव्हते. कुणीच पाहिले नव्हते.

आता घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायचं. तिने फोटोचे टॅग एकेक करून वाचले आणि कपाळावर हात मारला. प्रत्येक फोटोचा पत्ता तिने आपल्याच कॉम्प्युटरमधल्या फोल्डरचा दिला होता. पान इंटरनेटवर, फोटो मात्र घरच्या कपाटात. कपाट तिचं, म्हणून ते फक्त तिलाच दिसत होते.

तिने फोटो पानाशेजारी इंटरनेटवर चढवले, लांबलचक पत्ते खोडून नुसती फोटोंची नावं ठेवली. थोरल्या जाऊबाई फोनमध्ये डोळे घालून बसल्या होत्या. "आला," त्या म्हणाल्या. "दुसरा आला." शेवटच्या फोटोपाशी त्या थांबल्या.

"हे भाऊजींचे हात ना?"

"हो."

"अंगठ्याला सरस लागलाय." धाकटी काही बोलणार, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "राहू दे. कामाचा हात आहे."

सोमवारी दुपारी ग्रंथपालबाईंचा फोन आला. तो हातांचा फोटो बघून समितीने एवढंच विचारलं होतं, की हे गृहस्थ कधीपासून येऊ शकतील. नवरा स्टुलावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. धाकटीने मावशींना नाही, मामांना नाही, आधी थोरलीला फोन लावला.

"ताई, तुमच्यामुळे झालं. सगळ्यांनी छान म्हटलं, पण बघितलं फक्त तुम्ही. मी तुमच्याविषयी वाईटसाईट बोलले, आणि तुम्ही दोन बस बदलून आलात. तुमचे उपकार मी विसरायची नाही."

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "गॅसवर दूध आहे," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी धाकटीने पानाच्या अगदी तळाला, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून सहा नंबरच्या मथळ्यात, एक ओळ घातली: 'हे पान डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्या आमच्या थोरल्या जाऊबाईंचे मनापासून आभार.'

थोड्या वेळाने ग्रुपवर थोरलीचा निरोप उमटला. "शेवटची अक्षरं फार बारीक आहेत."

धाकटी हसली, डोळे पुसले, सहाच्या जागी एक केला आणि मथळा नीट बंद केला. मग लिंक सगळ्यात आधी त्यांना पाठवली.